लेऊमधील कमाई, रुपयांतील कर्ज

परदेशातील कमाईवर घर उभे करणे ही नवी मुंबईत नवी गोष्ट नाही. १७ मार्च १९७० रोजी स्थापन झालेल्या सिडकोने खाडीपलीकडे जे शहर वसवले, त्यातील घरे विकताना अनिवासी भारतीयांच्या परकीय चलनाचा विचार आरंभीच्या दशकांपासून झाला होता. नेरुळच्या खाडीकाठावरील सीवूड्स इस्टेट ही वसाहत तर त्यांच्याचसाठी आखली गेली, आणि आजही ती कागदोपत्री नावापेक्षा ‘एनआरआय कॉम्प्लेक्स’ या नावानेच ओळखली जाते. त्याच नेरुळला लागून करावे येथे टी. एस. चाणक्य ही व्यापारी नौदलाचे अधिकारी घडवणारी संस्था आहे, खाडीपलीकडे न्हावा-शेवा येथे २६ मे १९८९ पासून जवाहरलाल नेहरू बंदर चालू आहे, आणि सीबीडी बेलापूर व वाशी येथील व्यापारी इमारतींमध्ये जहाजांना खलाशी व अधिकारी पुरवणाऱ्या कंपन्यांची कार्यालये मजल्यामजल्यांवर आहेत. ‘मुलगा शिपवर आहे’ हे वाक्य या शहरात ओळख म्हणून पुरेसे असते, कारण त्यातून उत्पन्नाचा अंदाज, सुट्टीचा काळ आणि गृहकर्ज मिळण्याची शक्यता या तिन्ही गोष्टी ऐकणाऱ्याला समजतात.

या जुन्या दोन वर्गांच्या शेजारी, म्हणजे अमेरिका-आखातातील अनिवासी आणि जहाजावरील नाविक यांच्या शेजारी, मागील काही वर्षांत तिसरा वर्ग उभा राहिला आहे. रोमानिया, क्रोएशिया, सर्बिया, पोलंड यांसारख्या पूर्व व आग्नेय युरोपातील देशांत वेल्डर, सुतार, गवंडी, गोदाम कामगार, स्वयंपाकी किंवा घरपोच सेवा देणारे म्हणून जाणाऱ्या भारतीयांचा हा वर्ग असून मुंबई महानगर हे त्याच्या भरतीचे एक मोठे केंद्र आहे. पहिल्या दोन वर्गांच्या पैशासाठी भारतात नियम, खाती, परिपत्रके आणि सल्लागार यांची एक पूर्ण व्यवस्था तयार झालेली आहे. तिसऱ्या वर्गाचा पैसा मात्र त्या व्यवस्थेच्या जवळून जातो आणि तिला फारसा स्पर्श करत नाही. युरोपात गेलेल्या कामगाराची आर्थिक स्थिती तेथील पगारावरून ठरते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात तिचा निकाल बहुतांशी विमानात बसण्यापूर्वीच, येथे काढलेल्या कर्जाच्या आकड्यावर लागलेला असतो.

युरोपच्या या भागाला ‘विकसनशील’ म्हणताना थोडी सावधगिरी बाळगावी लागते. जागतिक बँक दरडोई उत्पन्नावरून देशांचे गट पाडते, आणि त्या मोजमापात रोमानिया आज उच्च उत्पन्न गटात आहे. बल्गेरियाचाही त्या गटात २०२४ मध्ये समावेश झाला, तर सर्बिया, अल्बानिया व मोल्दोवा हे उच्च-मध्यम उत्पन्न गटात मोडतात. तरीही पश्चिम युरोपच्या तुलनेत तेथील वेतन बरेच कमी आहे, आणि त्याचाच एक परिणाम म्हणून या देशांतील लोक स्वतः मोठ्या संख्येने देश सोडून गेले. १ जानेवारी २००७ रोजी रोमानिया युरोपीय संघाचा सदस्य झाला, त्यानंतर इटली, स्पेन, जर्मनी येथे काम करण्याची वाट रोमानियन माणसाला मोकळी झाली, आणि १९९० मध्ये सुमारे २ कोटी ३२ लाख असलेली त्या देशाची लोकसंख्या २०२१ च्या जनगणनेत १ कोटी ९० लाखांवर उतरली. बांधकामे, हॉटेले, कारखाने मात्र वाढत राहिली. स्वतःचे गवंडी इटलीला गेल्यावर बुखारेस्टच्या इमारती बांधण्यासाठी नेपाळ, श्रीलंका, बांगलादेश, व्हिएतनाम आणि भारत येथून माणसे आणावी लागली, आणि २०२२ ते २०२५ या वर्षांत रोमानियाच्या सरकारने युरोपीय संघाबाहेरील नव्या कामगारांसाठी वर्षाला १ लाख परवान्यांची मर्यादा ठेवली. म्हणजे भारतातून जाणारा कामगार दुसऱ्या एका स्थलांतराने रिकाम्या केलेल्या जागेवर जाऊन बसतो, आणि ती जागा रिकामी होण्याचे जे कारण होते, म्हणजे कमी वेतन, ते त्याच्या वाट्याला जसेच्या तसे येते.

हे वेतन नेमके किती, हे समजण्यासाठी रोमानियातील किमान वेतनाची पगारपत्रिका ओळीओळीने वाचणे उपयोगी ठरेल. रोमानियाचे चलन लेऊ असून युरो तेथे अद्याप स्वीकारलेला नाही. २०२५ मध्ये एका युरोला सुमारे ५ लेऊ आणि एका लेऊला ढोबळमानाने २० रुपये असा हिशेब धरता येतो. १ जानेवारी २०२५ पासून पूर्णवेळ कामाचे किमान ढोबळ वेतन, म्हणजे कोणतीही कपात होण्यापूर्वीचे वेतन, महिन्याला ४,०५० लेऊ ठरले. रुपयांत ते ८१,००० होते, आणि भरतीच्या जाहिरातींत व एजंटाच्या तोंडी येतो तो बहुधा हाच आकडा असतो. पत्रिकेच्या पुढच्या ओळी मात्र वेगळे सांगतात. किमान वेतनापैकी ३०० लेऊ कपातमुक्त धरल्यावर उरलेल्या ३,७५० लेऊंवर निवृत्तिवेतन निधीसाठी २५ टक्के, म्हणजे सुमारे ९३७ लेऊ, कापले जातात आणि आरोग्य विम्यासाठी १० टक्के, म्हणजे ३७५ लेऊ. जे उरते त्यातून ८१० लेऊंची वैयक्तिक वजावट देऊन बाकीवर १० टक्के आयकर लागतो, तो सुमारे १६३ लेऊ होतो. कामगाराच्या खात्यात जमा होतात २,५७४ लेऊ, म्हणजे सुमारे ५१,५०० रुपये. ऐकलेला पगार आणि मिळालेला पगार यांत जवळजवळ ३०,००० रुपयांचे अंतर पडते, आणि त्यात मालकाने काहीही लबाडी केलेली नसते.

हे अंतर इतके मोठे असण्यामागे रोमानियाच्या करव्यवस्थेतील एक बदल आहे. बहुतेक देशांत सामाजिक सुरक्षेचा भार मालक आणि कामगार वाटून घेतात. भारतातील भविष्यनिर्वाह निधीतही मूळ पगाराच्या १२ टक्के कामगार भरतो आणि तितकेच मालक भरतो. रोमानियाने २०१८ पासून हा भार जवळजवळ पूर्णपणे कामगाराच्या नावावर टाकला आणि मालकाकडे केवळ २.२५ टक्क्यांचे अंशदान ठेवले. स्थानिक कामगारासाठी हा बदल मुख्यतः मांडणीचा होता, कारण त्याच वेळी ढोबळ वेतन वाढवून हातात येणारी रक्कम सावरली गेली. परदेशी कामगारासाठी मात्र त्याचा अर्थ असा झाला की त्याला सांगितला जाणारा आकडा फुगला आणि मिळणारा तेवढाच राहिला. बेलापूरच्या कार्यालयात ‘सॅलरी आठशे युरो’ असे ऐकणाऱ्या तरुणाने ‘हातात किती’ एवढा एकच प्रश्न विचारला तर निम्मा गैरसमज तेथेच मिटेल. दुर्दैवाने तो प्रश्न विचारण्याची सवय भारतीय कामगाराला नसते, कारण येथे लहान कंत्राटदाराकडे ठरलेला पगार आणि मिळणारा पगार बहुधा एकच असतो.

या कपातीतील निवृत्तिवेतनाची ओळ सर्वांत दुखरी आहे. रोमानियात वृद्धापकाळाचे निवृत्तिवेतन मिळण्यासाठी किमान १५ वर्षे अंशदान भरलेले असावे लागते. दोन किंवा तीन वर्षांसाठी गेलेला वेल्डर हे निवृत्तिवेतन कधीच घेणार नाही, तरीही महिन्याला १८,७५० रुपयांच्या बरोबरीची रक्कम त्याच्या वेतनातून जात राहते. दोन वर्षांत ती साडेचार लाख रुपये होते. अशा परिस्थितीवर आंतरराष्ट्रीय व्यवहारात एक उपाय आहे, त्याला सामाजिक सुरक्षा करार म्हणतात. दोन देशांत असा करार असेल तर एका देशाच्या कंपनीने दुसऱ्या देशात तात्पुरत्या पाठवलेल्या कर्मचाऱ्याला ठराविक काळापर्यंत तेथील अंशदानातून सूट मिळते, दोन्ही देशांतील सेवेचा काळ जोडून पात्रता मोजता येते आणि मिळालेले निवृत्तिवेतन मायदेशी नेता येते. भारताचे असे करार बेल्जियम, जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स यांच्याबरोबर आहेत. पूर्व युरोपातील हंगेरीशी झालेला करार २०१३ मध्ये आणि चेक प्रजासत्ताकाशी झालेला २०१४ मध्ये लागू झाला. ज्या रोमानियाकडे आज भारतीय हात मोठ्या संख्येने वळत आहेत, त्या रोमानियाशी असा करार लागू नाही. आजवरच्या करारांची यादी पाहिली तर त्यांचा मोठा लाभ माहिती तंत्रज्ञान व अभियांत्रिकी कंपन्यांनी पाठवलेल्या सुशिक्षित कर्मचाऱ्यांना झालेला दिसतो, आणि स्वतःच्या हिमतीवर, कर्ज काढून गेलेल्या कामगाराचा विचार या वाटाघाटींत मागे राहिला, असे म्हणावे लागते.

कर्जाचा प्रश्न याहून मोठा आहे. परदेशी नोकरीसाठी माणसे भरती करण्याचा व्यवसाय भारतात १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याने नियंत्रित होतो. नोंदणी प्रमाणपत्राशिवाय हा व्यवसाय करता येत नाही, मोठ्या भरती संस्थेला ५० लाख रुपयांची बँक हमी द्यावी लागते, आणि कामगाराकडून घ्यावयाचे सेवाशुल्क ३०,००० रुपये अधिक १८ टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे एकूण ३५,४०० रुपये, याहून जास्त असता कामा नये. रोमानियातील कामाच्या परवान्याचे सरकारी शुल्क १०० युरो असून ते मालकाने भरायचे असते. या आकड्यांच्या शेजारी युरोपच्या नोकरीसाठी बाजारात मागितल्या जाणाऱ्या लाखांच्या रकमा ठेवल्या की मधला पैसा कशाचा, हा प्रश्न उभा राहतो. त्याचे उत्तर एका माणसाकडे नसते. गावचा ओळखीचा मध्यस्थ, शहरातील उपएजंट, नोंदणीकृत किंवा बिननोंदणीची संस्था आणि कधी कधी तिकडील मनुष्यबळ कंपनी अशी साखळी असते, प्रत्येक कडी आपला वाटा घेते आणि पावती मात्र मिळाली तर केवळ सेवाशुल्काची मिळते. बाकीची रक्कम रोखीने गेलेली असल्यामुळे फसवणूक झाली तर ती सिद्ध करणेही अवघड जाते.

या रकमेचा संसारावर काय परिणाम होतो, ते एका कल्पित पण वास्तवाला धरून केलेल्या हिशेबातून पाहता येईल. समजा, एका तरुणाने ४ लाख रुपये शेकडा दोन दराने, म्हणजे दरमहा दोन टक्के व्याजाने, उचलले आणि रोमानियात किमान वेतनावर काम धरले. राहण्याची सोय मालकाने केली आहे आणि जेवण, फोन, प्रवास यांवर महिन्याला ९०० लेऊ जातात असे मानले, तर २,५७४ पैकी १,६७४ लेऊ, म्हणजे पैसे पाठवण्याचा खर्च वजा जाता सुमारे ३३,००० रुपये, घरी येऊ शकतात. त्यातील १५,००० रुपये तळोजा किंवा कोपरखैरणे येथील घरच्या खर्चाला लागले, तर कर्जासाठी १८,००० उरतात. पहिल्या महिन्यात त्यातील ८,००० केवळ व्याजात जातात. या गतीने कर्ज फिटायला अडीच वर्षे लागतात. तीस महिन्यांची ही नोकरी पूर्ण झाली तेव्हा त्या तरुणाजवळ काय शिल्लक असते, तर फिटलेले कर्ज. तेच त्याने कायद्याने ठरलेले सेवाशुल्क, तिकीट आणि व्हिसा मिळून १ लाख २० हजारच कर्ज काढले असते, तर ते सात-आठ महिन्यांत फिटून पुढचे बावीस महिने बचत झाली असती. पगार तोच, देश तोच, मेहनत तीच. फरक पडला तो येथे दिलेल्या पैशाने.

नाविकांच्या बाबतीत हाच प्रश्न जगाने वेगळ्या रीतीने सोडवलेला आहे, आणि नवी मुंबईत हे दोन्ही व्यवसाय एकाच रस्त्यावर चालत असल्यामुळे ही तुलना येथे अधिक बोचते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २००६ चा सागरी श्रम करार भारताने ऑक्टोबर २०१५ मध्ये मान्य केला. त्यानुसार नाविकाला नोकरी मिळवून देण्याचे शुल्क नाविकाकडून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष घेता येत नाही. पासपोर्ट, नाविकाचे ओळखपुस्तक आणि वैद्यकीय प्रमाणपत्र एवढाच खर्च त्याने करायचा, व्हिसासह बाकी सर्व जहाजमालकाचे. अशी भरती करणाऱ्या संस्थेला नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो. वेतन दरमहा दिले पाहिजे आणि त्यातील ठराविक भाग नाविकाच्या इच्छेनुसार थेट घरी पाठवण्याची सोय असली पाहिजे, असेही हा करार सांगतो. नाविकांच्या घरांत या रकमेला ‘अलॉटमेंट’ म्हणतात आणि महिन्याचा किराणा, शाळेची फी, घराचा हप्ता यांचे वेळापत्रक तिच्या तारखेवर बेतलेले असते. परवाना नसलेल्या एजंटांनी नव्या मुलांकडून जहाजावरील नोकरीसाठी पैसे उकळण्याचे प्रकार या शहरात होतात आणि त्यांच्या तक्रारीही होतात, हे खरे. तरीही तेथे पैसे घेणे हाच गुन्हा आहे, त्यामुळे तक्रार करणाऱ्याची बाजू पहिल्या पायरीवरच भक्कम असते. जमिनीवरील कामगारासाठी असे तत्त्व सांगणारा १९९७ चा खाजगी रोजगार संस्थांविषयीचा आंतरराष्ट्रीय करारही आहे, पण भारताने तो स्वीकारलेला नाही.

आखातात जाणाऱ्या कमी शिकलेल्या कामगाराला तरी एक कवच आहे. दहावी उत्तीर्ण नसलेल्या व्यक्तीच्या पासपोर्टवर उत्प्रवासन तपासणी आवश्यक असल्याचा शेरा असतो, आणि अशी व्यक्ती सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कतार, मलेशिया आदी १८ देशांत नोकरीला जात असेल तर उत्प्रवासी संरक्षक या सरकारी अधिकाऱ्याकडून तिच्या कराराची तपासणी होऊन परवानगी मिळावी लागते. त्याबरोबर प्रवासी भारतीय विमा योजनेचे १० लाख रुपयांचे अपघाती मृत्यू व कायम अपंगत्वाचे संरक्षण सक्तीने घ्यावे लागते, ज्याचा हप्ता दोन वर्षांसाठी केवळ २७५ रुपये आहे. या १८ देशांत युरोपातील एकही देश नाही. ही यादी तयार करताना युरोपातील कायदे कामगाराचे रक्षण करण्यास समर्थ आहेत असे गृहीत धरलेले दिसते, आणि युरोपीय संघाच्या नियमांविषयी ते काही अंशी योग्यही आहे. परंतु फसवणूक भारतातील टप्प्यावर होते, आणि त्या टप्प्यावर रोमानियाला निघालेल्या गवंड्याचा करार कोणी सरकारी माणूस उघडून पाहत नाही. रियाधला जाणाऱ्या त्याच्याच गावच्या गवंड्याला जी तपासणी आणि जो विमा मिळतो, ते दोन्ही याला मिळत नाहीत.

तेथे पोहोचल्यावर मालकाशी असलेले नाते पैशाच्या दृष्टीने निर्णायक असते. कामगाराचा निवास परवाना नोकरीशी बांधलेला असून पहिल्या वर्षात मालक बदलायचा असेल तर आधीच्या मालकाची लेखी संमती लागते, त्यामुळे शेजारच्या कंपनीत दोनशे लेऊ जास्त मिळत असले तरी ते घेण्याचे स्वातंत्र्य कर्जात बुडालेल्या कामगाराला त्याच काळात नसते, जेव्हा त्याला त्याची सर्वांत जास्त गरज असते. १ जानेवारी २०२५ पासून रोमानिया शेंगेन क्षेत्रात, म्हणजे आपसातील सीमांवर पासपोर्ट तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटात, पूर्णपणे सामील झाला. ‘एकदा रोमानियाला पोचलास की इटली उघडी’ असे आमिष त्यामुळे दाखवले जाते. सीमा ओलांडता येणे आणि पलीकडे काम करण्याचा हक्क असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोमानियाच्या परवान्यावर इटलीत किंवा जर्मनीत काम धरता येत नाही, आणि जो तसे धरतो त्याचे वेतन, विमा व परतीचा मार्ग तिन्ही धोक्यात येतात.

महागाईनेही २०२५ मध्ये या हिशेबाला धक्का दिला. रोमानियाच्या सरकारचा खर्च उत्पन्नापेक्षा बराच वाढून २०२४ मध्ये वित्तीय तूट सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ९.३ टक्क्यांवर गेली, युरोपीय संघात ती सर्वाधिक होती. ती भरून काढण्यासाठी १ ऑगस्ट २०२५ पासून मूल्यवर्धित कराचा मुख्य दर १९ वरून २१ टक्के करण्यात आला, त्याआधी १ जुलैपासून विजेच्या दरावरील सरकारी मर्यादा उठवली गेली, आणि ऑगस्टमध्ये वार्षिक महागाईचा दर १० टक्क्यांच्या जवळ पोहोचला. मे महिन्यातील राजकीय अस्थिरतेत लेऊही युरोच्या तुलनेत घसरून पाचच्या पलीकडे गेला. भारतीय कामगाराला याची झळ एका बाजूने कमी लागली, कारण त्याच काळात रुपयाही युरोसमोर उतरत होता आणि घरी पोहोचणाऱ्या रुपयांचा आकडा फारसा घटला नाही. तथापि तेथील तांदूळ, तेल, कोंबडी आणि बसभाडे लेऊमध्ये द्यावे लागते, आणि ९०० लेऊंत भागणारा महिना १,००० लेऊंवर गेला की कर्जाच्या हप्त्यातून २,००० रुपये कमी होतात. क्रोएशियाने १ जानेवारी २०२३ रोजी युरो स्वीकारला असल्यामुळे तेथील भारतीयाला चलनाचा एक धोका तरी उरलेला नाही. २०२५ मध्ये तेथील किमान ढोबळ वेतन ९७० युरो होते.

घरी पैसे पाठवण्याच्या टप्प्यावर पुन्हा नाविक आणि जमिनीवरील कामगार यांच्यातील दरी दिसते. परकीय चलन व्यवस्थापन कायदा, १९९९ म्हणजे फेमा, यानुसार नोकरीसाठी देश सोडणारी व्यक्ती अनिवासी ठरते आणि तिचे येथील साधे बचत खाते अनिवासी सामान्य, म्हणजे एनआरओ, खात्यात बदलून घ्यावे लागते. परदेशातील कमाई ठेवण्यासाठी तिला एनआरई हे दुसरे खाते उघडता येते, ज्यातील रक्कम केव्हाही परदेशी नेता येते आणि ज्यावरील व्याज करमुक्त असते. एनआरओ खात्यावरील व्याजातून मात्र ३० टक्के दराने कर आधीच कापला जातो. नाविकांच्या घरांत ही अक्षरे लहान मुलांनाही माहीत असतात. १८२ दिवसांची मोजदाद, नाविकाच्या ओळखपुस्तकातील चढल्या-उतरल्याच्या तारखा, आणि अनिवासी नाविकाने परदेशी जहाजावर कमावलेले वेतन केवळ येथील एनआरई खात्यात जमा झाले म्हणून करपात्र ठरत नाही असे स्पष्ट करणारे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचे एप्रिल २०१७ चे परिपत्रक, यांवर नेरुळ-बेलापुरातील सनदी लेखापालांचा व्यवसाय चालतो. नाविकाची मुख्य चिंता आयकराची असते. किमान वेतनावरील कामगाराला भारतीय आयकराची भीती जवळजवळ नसते, कारण त्याचे उत्पन्न येथे करपात्र धरले गेले तरी सवलतींच्या मर्यादेत बसते आणि तेथे भरलेल्या कराची वजावटही दुहेरी कर टाळण्याच्या करारानुसार मिळते. त्याची अडचण निराळी आहे: त्याचे एनआरई खातेच नसते.

तो बहुधा पैसे वडिलांच्या किंवा पत्नीच्या साध्या खात्यात पाठवतो. त्यात बेकायदेशीर काही नाही, जवळच्या नातेवाइकाला पाठवलेल्या रकमेवर करही लागत नाही. परंतु दोन-तीन वर्षांनी घरासाठी कर्ज मागायला तो बँकेत उभा राहतो तेव्हा त्याच्या नावावर उत्पन्नाचा कोणताही पुरावा दिसत नाही; जे पैसे आले ते वडिलांच्या खात्यात आले आणि खर्चही तेथूनच झाले. हुंडीने, म्हणजे हवालामार्गे, पैसे पाठवणाऱ्याचा पुरावा तर पूर्णपणे नाहीसा होतो आणि वर फेमाचा भंग होतो. एनआरई खात्यात निवासी नातेवाइकाचे नाव दुसरे म्हणून जोडण्याची सोय कायद्यात आहे, त्यामुळे घरचा खर्च अडणार नाही आणि नोंद मात्र कमावणाऱ्याच्या नावावर राहील. ही एवढी माहिती निघण्यापूर्वी कोणी दिली असती तर पुष्कळ घरांचे पुढचे कर्ज स्वस्त झाले असते. पाठवणीचा खर्चही लहान नाही: लेऊचे युरो आणि युरोचे रुपये असे दोनदा रूपांतर होताना बँकेचे शुल्क दिसते, पण विनिमयाच्या दरात धरलेला फरक दिसत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत हा खर्च २०३० पर्यंत ३ टक्क्यांच्या खाली आणण्याचे ठरले आहे, तर जगभराची सरासरी अद्याप ६ टक्क्यांच्या आसपास रेंगाळते आहे. अनिवासींना परदेशी मोबाइल क्रमांकावर यूपीआय वापरू देण्याची सोय जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झाली तेव्हा पहिल्या दहा देशांच्या यादीत युरोपातून केवळ ब्रिटनचे नाव होते.

रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीनुसार भारतात त्या वर्षी आलेल्या ११८.७ अब्ज डॉलरच्या पाठवणीत अमेरिकेचा वाटा २७.७ टक्के, संयुक्त अरब अमिरातीचा १९.२ टक्के होता, आणि ती रक्कम मिळवणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र २०.५ टक्क्यांसह पहिला होता. धोरण आखणारे अशा आकड्यांकडे पाहून प्राधान्य ठरवतात, आणि पूर्व युरोपातून येणारे काही हजारांचे मासिक हप्ते या रकमांसमोर नगण्य ठरतात. राज्याला काही करता येत नाही असे मात्र नाही. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला आणि जर्मन भाषेच्या प्रशिक्षणाचा भार स्वतः उचलण्याचे ठरवले. सरकार मध्ये असले की एजंटाची साखळी आखडते, शिवाय जर्मनीशी सामाजिक सुरक्षा करार असल्याने तेथील अंशदानही वाया जात नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून वेल्डिंग शिकून बाहेर पडणाऱ्या मुलासाठी असाच मार्ग बुखारेस्ट किंवा झाग्रेबपर्यंत आखणे प्रशासकीयदृष्ट्या अशक्य नाही, कारण मागणी तेथे आधीपासून आहे आणि परवान्याचे शुल्क नाममात्र आहे.

परतीच्या वेळचे व्यवहारही कोणी शिकवत नाही. कायमचे परतल्यावर एनआरई व एनआरओ खाती पुन्हा निवासी खात्यांत बदलून घ्यावी लागतात, तेथील बँकेत उरलेली रक्कम ठेवण्यासाठी निवासी परकीय चलन खाते उघडता येते, आणि तेथील पगारपत्रिका, कराचे दाखले व विम्याची कागदपत्रे निघण्यापूर्वीच हाती घ्यावी लागतात, कारण मायदेशी बसून रोमानियन कार्यालयाशी पत्रव्यवहार करणे भाषेमुळेही कठीण असते. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेल्या विमानतळाने नवी मुंबईच्या तरुणाला परदेश आणखी जवळ आणला आहे. त्याच विमानतळाच्या परिसरात, पनवेल-उलव्याच्या पट्ट्यात, नोंदणीकृत भरती संस्थांची यादी दाखवणारे, करारातील ढोबळ आणि निव्वळ वेतन समजावून सांगणारे आणि एनआरई खाते उघडून देणारे एक सरकारी मदत केंद्र उभे करायला फार मोठा निधी लागणार नाही. परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदणीकृत आणि बेकायदेशीर अशा दोन्ही प्रकारच्या एजंटांची माहिती आजही आहे, ती मराठीत, छापील स्वरूपात आणि पैसे देण्याच्या आदल्या दिवशी त्या तरुणाच्या हाती पडण्याची व्यवस्था तेवढी राहिली आहे.